शेजाऱ्याचे आले, आमचे का नाही? एडिसनमधल्या एका रिफंडचे पाच आठवडे

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार. न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात आम्ही काही स्वयंसेवक लोकांचं टॅक्स रिटर्न मोफत भरून द्यायला बसतो. त्या सकाळी पहिल्या नंबरला एक जोडपं आलं. त्यांना रिटर्न भरायचं नव्हतं, ते कधीच भरून झालं होतं. भाऊंनी खिशातून कालनिर्णयचं फाडलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. पंधरा तारखेला लाल पेनानं गोल केला होता.

"ताई, आज पंधरा. पैसे कुठे आहेत?"

नावं गाळतेय. रकमा जवळच्या आकड्यांत आणल्या आहेत आणि ओळख पटू नये म्हणून दुसऱ्या घरांचे एकदोन तपशील यात मिसळले आहेत. दुखणं मात्र दर फेब्रुवारीत तेच असतं.

घर आणि हिशेब

भाऊ सांगलीकडचे. थोरल्या भावानं २००५ साली त्यांच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केला होता. भावंडांच्या कोट्यातली भारताची रांग इतकी लांब, की व्हिसा हातात पडायला २०२३ उजाडलं. तोवर भाऊ पंचेचाळिशी पार करून गेले होते. वहिनी आणि दोन मुलं सोबत आली. थोरला आता चौदाचा, धाकटी नऊची. भाऊ पेट्रोल पंपावर काम करतात. न्यू जर्सीत गाडीवाल्यानं स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे अमेरिकेत इतरत्र जवळपास संपलेली ही नोकरी इथे अजून टिकून आहे. वहिनी एका भारतीय किराणा दुकानात अर्धवेळ जातात.

२०२४ मध्ये दोघांचा मिळून पगार ३८,६०० डॉलर झाला. नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न, त्यामुळे २९,२०० ची प्रमाणित वजावट. उरले ९,४०० आणि त्यावर दहा टक्क्यांनी साधारण ९४० डॉलर कर. वर्षभरात पगारातून आयकर म्हणून कापले गेले होते जेमतेम ४१० डॉलर. आपल्याकडच्या टीडीएसच्या सवयीनं पाहिलं तर यांनाच आणखी ५३० भरावे लागायला हवेत. प्रत्यक्षात रिटर्नवर रिफंड दिसत होता सुमारे ८,५०० डॉलर! रिटर्न भरून देणाऱ्या दुकानात हा आकडा ऐकून वहिनींना आपली फसवणूक होतेय असंच वाटलं होतं.

फसवणूक नव्हती. दोन मुलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट दर मुलामागे २,००० प्रमाणे ४,००० होतं. त्यातले ९४० कर मिटवण्यात गेले. इथवर हे क्रेडिट एखाद्या कूपनासारखं, बिल शून्यावर आलं की कूपनही संपलं. पण या क्रेडिटचा एक भाग शून्याच्या खालीही उतरतो. त्याला अ‍ॅडिशनल चाइल्ड टॅक्स क्रेडिट म्हणतात आणि २०२४ साठी त्याची मर्यादा दर मुलामागे १,७०० होती. उरलेले साधारण ३,०६० डॉलर त्या वाटेनं रोख येणार होते. दुसरं, अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, ज्याला इथे सगळे ईआयटीसी म्हणतात. १९७५ पासून चालत आलेलं हे क्रेडिट कमी पगारात कष्ट करणाऱ्यांसाठी आहे. दोन मुलं असतील तर २०२४ साठी जास्तीत जास्त ६,९६०. एकत्र रिटर्नवर कमाई २९,६४० च्या वर गेली की ते हळूहळू उतरत जातं आणि ६२,६८८ ला शून्य होतं. भाऊंच्या कमाईवर बसलं साधारण ५,०७०. यात स्वतःचे कापलेले ४१० मिळवा.

ही सरकारी खैरात आहे का, असं भाऊंनी जरा ओशाळून विचारलं. याच वर्षी दोघांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांपोटी ७.६५ टक्क्यांनी जवळजवळ २,९५० डॉलर गेले होते. तो कर पहिल्या डॉलरपासून लागतो, त्याला ना वजावट ना सूट. ईआयटीसीचा जन्म झाला तो बऱ्याच अंशी याच कपातीची भरपाई म्हणून. ओशाळण्यासारखं त्यात काही नाही.

काय बिनसलं असं वाटत होतं

आयआरएसनं, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्यानं, त्या वर्षीचा रिटर्नचा हंगाम २७ जानेवारीला उघडला. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी घराजवळच्या एका दुकानवजा ऑफिसातून रिटर्न पाठवलं. ते संध्याकाळीच नाकारलं गेलं. कारण अगदी आपल्या मातीतलं. वहिनींच्या पासपोर्टावर आणि त्यामुळे सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत माहेरचं आडनाव, तर दुकानदारानं रिटर्नवर घातलं सासरचं. आयआरएसचा संगणक आडनावाची पहिली चार अक्षरं सोशल सिक्युरिटी नंबरच्या (आपल्या आधारसारखा इथला ओळख क्रमांक) नोंदीशी ताडून पाहतो. ती जुळली नाहीत तर रिटर्न दारातूनच परत येतं. लग्नानंतर आडनावच काय, कधी पहिलं नावही बदलणाऱ्या आपल्या बायकांच्या बाबतीत हे इतक्यांदा घडतं, की मी आता कागद बघायच्या आधी कार्ड मागते. दुकानदारानं नाव दुरुस्त केलं, २९ तारखेला रिटर्न स्वीकारलं गेलं.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं ३१ जानेवारीला रिटर्न भरलं आणि १३ फेब्रुवारीला त्याच्या खात्यात पैसे आले. तोही मराठी, त्यालाही दोन मुलं. आणि भाऊंच्या फोनवर 'माझा रिफंड कुठे आहे' या आयआरएसच्या पानावर तीन टप्प्यांपैकी पहिल्याच टप्प्यावर, 'रिटर्न मिळालं' इथे, गाडी अडकून बसली. खाली पाथ कायद्याबद्दल एक ओळ आली. भाऊंनी त्याचा अर्थ लावला: नाव चुकलं होतं ना, म्हणून फाइल कुठल्या तरी साहेबाच्या टेबलावर पडली आहे.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणी म्हणालं, पुन्हा एकदा पाठवा. कुणी म्हणालं, ईआयटीसी काढून टाका आणि सुधारित रिटर्न भरा, लगेच सुटेल. भाऊ शनिवारी आमच्याकडे आले तेव्हा त्या सुधारित रिटर्नचा फॉर्म छापून सोबत घेऊनच आले होते. तो गेला असता तर पाच हजार डॉलरवर पाणी सोडलं असतं, शिवाय सुधारित रिटर्नला आठ ते बारा आठवडे लागतात, कधी सोळाही.

खरं कारण

२०१५ च्या डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसनं पाथ नावाचा कायदा केला. त्यातलं एक कलम सांगतं की रिटर्नवर ईआयटीसी किंवा अ‍ॅडिशनल चाइल्ड टॅक्स क्रेडिट असेल तर १५ फेब्रुवारीच्या आधी रिफंड देता येणार नाही. २०१७ च्या हंगामापासून ते लागू आहे. अडतो तो पूर्ण रिफंड, फक्त क्रेडिटचा भाग नव्हे. म्हणजे भाऊंच्या पगारातून कापलेले त्यांचे स्वतःचे ४१० डॉलरही त्याच पेटीत बंद.

हा कायदा का आला ते समजायला डब्ल्यू-२ कडे पाहावं लागतं. आपला फॉर्म १६ आणि इथला डब्ल्यू-२ ही सख्खी भावंडं. मालक वर्षाचा पगार आणि कपात यांचा दाखला नोकराला देतो आणि त्याची प्रत सरकारला पाठवतो. जुन्या नियमात नोकराला दाखला ३१ जानेवारीपर्यंत मिळायचा, पण सरकारकडे प्रत जायची मुदत कागदी असेल तर फेब्रुवारीअखेर आणि इलेक्ट्रॉनिक असेल तर मार्चअखेर. रिफंड मात्र जानेवारीच्या शेवटापासून वाटले जायचे. वरातीमागून घोडं! चोरलेल्या सोशल सिक्युरिटी नंबरवर खोटा पगार दाखवून जानेवारीतच रिटर्न टाकायचं, रिफंड उचलायचा आणि पसार व्हायचं, हा उद्योग त्या फटीतून फोफावला. खरा माणूस मार्चमध्ये रिटर्न भरायला गेला की त्याला कळायचं, आपल्या नावानं कुणीतरी आधीच भरून बसलंय. ज्या क्रेडिटमध्ये कर न भरताही हजारो डॉलर रोख मिळतात, ते अशा चोरांना सगळ्यात गोड.

पाथ कायद्यानं दोन टोकं एकदम बांधली. मालकांनी सरकारकडे डब्ल्यू-२ पाठवायची मुदत ३१ जानेवारीवर आणली आणि ही दोन क्रेडिटं असलेले रिफंड १५ फेब्रुवारीपर्यंत थोपवले. मधल्या दोन आठवड्यांत आकडे ताडून बघायचे, हा हेतू.

माझं मत विचाराल तर हा अर्धाच इलाज आहे. डब्ल्यू-२ जुळवून पगाराचा खोटेपणा पकडता येतो. ईआयटीसीत मोठी चूक होते ती मुलाच्या बाबतीत: मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ अमेरिकेत, तुमच्याच घरी राहिलं का? ते कुठल्याही मालकाच्या कागदावर नसतं. आपल्या लोकांत दीड वर्षाच्या बाळाला आजीकडे नाशिकला ठेवून दोघं इथे कामाला जुंपलेली असतात. असं मूल वर्षभर तिकडेच असेल तर या क्रेडिटसाठी ते चालत नाही, आणि ही गोष्ट पंधरा तारखेपर्यंत थांबून आयआरएसला समजत नाही. भाऊंची मुलं मे-जूनमध्ये सहा आठवडे सांगलीला गेली होती. सुट्टीची तात्पुरती गैरहजेरी हरकतीची नाही.

आता शेजारी. तो सॉफ्टवेअरवाला, कर हजारोंनी लागणारा. त्याच्या मुलांचं चार हजारांचं क्रेडिट करातच पूर्ण जिरलं, शून्याच्या खाली उतरलंच नाही. म्हणजे त्याच्या रिटर्नवर अ‍ॅडिशनल क्रेडिट नाही, ईआयटीसी तर नाहीच. त्याला आलेला रिफंड म्हणजे निव्वळ जास्त कापला गेलेला त्याचाच कर. त्यामुळे कुलूप नाही, आणि तेरा दिवसांत पैसे. इलेक्ट्रॉनिक रिटर्न आणि थेट खात्यात जमा असेल तर बहुतेक रिफंड एकवीस दिवसांच्या आत येतात, असं आयआरएस सांगते. हे ऐकल्यावर वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "म्हणजे ज्याला गरज नाही त्याला आधी." मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. एवढंच की कॉलेजच्या खर्चाचं अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिटही काही अंशी रोख मिळतं, पण कायद्यानं ते या कुलपात घेतलेलं नाही. कुलूप फक्त दोन नावांना आहे.

भाऊंचा पुढचा प्रश्न रास्त होता. घरभाडं तोंडावर आलंय, थोरल्या दादाकडे उसने मागायची वेळ आलीय, अडचण सांगितली तर लवकर सुटेल का? नाही. आयआरएसमध्ये अडलेल्या करदात्यांची बाजू मांडणारं टॅक्सपेयर अ‍ॅडव्होकेट नावाचं स्वतंत्र कार्यालय आहे. एरवी पैशांची तंगी दाखवली तर ते रिफंड पुढे सरकवायला मदत करू शकतं. १५ फेब्रुवारीच्या आधी मात्र त्यांचेही हात बांधलेले, कारण हा नियम खात्याचा नाही, कायद्याचा आहे. आणि इतके दिवस पैसे अडकले म्हणून व्याज? तेही नाही. रिफंडवर व्याज सुरू होतं ते रिटर्नची शेवटची तारीख किंवा तुम्ही भरलेली तारीख, यातली नंतरची धरून, तिच्यापुढे पंचेचाळीस दिवस उलटले तर. जानेवारीत भरलेल्याचं घड्याळही १५ एप्रिललाच चालू होतं.

पंधरा तारखेचा गोल

भाऊंची खरी चूक नावाची नव्हती, त्या गोलाची होती. पंधरा ही पैसे येण्याची तारीख नाही, कुलूप निघण्याची आहे. त्यात २०२५ ला १५ तारीख शनिवारी आली, सोमवारी १७ ला प्रेसिडेंट्स डेची सुट्टी. म्हणजे कामाचा पहिला दिवस मंगळवार १८. त्यानंतर देशभरातले थोपवलेले रिफंड एकदम रांगेत शिरतात. मग बँकेचे दिवस. आयआरएसनं स्वतःच जाहीर केलेलं वेळापत्रक असं होतं: बहुतेकांना २२ फेब्रुवारीपर्यंत रिफंडच्या पानावर अंदाजे तारीख दिसेल, आणि थेट जमा निवडलेलं असेल व दुसरी काही अडचण नसेल तर बहुतेकांचे पैसे ३ मार्चपर्यंत खात्यात येतील. आदल्या वर्षी हीच तारीख २७ फेब्रुवारी होती. सुट्ट्या आणि शनिवार-रविवार कसे पडतात त्यावर ती दोनचार दिवस इकडेतिकडे होते, पण फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात एवढं गणित दरवर्षी जमतं.

म्हणजे २८ जानेवारीला भरलं काय नि १ फेब्रुवारीला भरलं काय, यांच्यासाठी फरक फारसा नव्हता. उलट फेब्रुवारीच्या शेवटी भरणाऱ्याला हे कुलूप लागतच नाही, त्याला नेहमीचे एकवीस दिवस.

आम्ही त्या दिवशी भाऊंच्या आयआरएस खात्यातला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे खात्याचा उतारा, उघडला. रिफंडच्या पानापेक्षा हे पान जास्त बोलकं असतं, फक्त त्याची भाषा आकड्यांची. १५० म्हणजे रिटर्न हिशेबात घेतलं. ८०६ म्हणजे कापलेला कर. ७६८ म्हणजे ईआयटीसी, ७६६ म्हणजे मुलांचं क्रेडिट. चारही ओळी होत्या, रकमा बरोबर होत्या. ५७० ही थांबवल्याची ओळ नव्हती. ८४६ अजून उमटली नव्हती. "८४६ आली की पैसे निघाले," एवढं मी त्यांना कागदावर लिहून दिलं, आणि सुधारित रिटर्नचा तो फॉर्म फाडायला लावला. रिफंडचं पान दिवसातून एकदाच, बहुधा रात्री बदलतं. भाऊ ते दर तासाला बघत होते.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. रिटर्नवर बँकेचा नंबर भाऊंचा नव्हता. दुकानाची फी आधी रोख द्यायची नाही, ती रिफंडमधूनच कापून घ्यायची, अशी सोय त्यांनी स्वीकारली होती. मग रिफंड आधी दुकानाशी जोडलेल्या बँकेच्या तात्पुरत्या खात्यात जातो, तिथे फी आणि त्या सोयीची वेगळी फी वळती होते, उरलेले पुढे येतात. आधीच पाच आठवड्यांची वाट, त्यात आणखी एक थांबा. रिफंडच्या भरवशावर लगेच काही रक्कम उचल म्हणून देतो, असंही त्यांना सांगितलं गेलं होतं. ती वहिनींनी नाकारली. सांगलीत बचत गटाचा हिशेब ठेवलेला आहे त्यांनी, कर्जाला सोय म्हणतात ते त्यांना पटत नाही. वाचनालयातलं आमचं टेबल फुकट आहे आणि कमी कमाई असलेल्यांसाठी (त्या हंगामात साधारण ६७,००० डॉलरपर्यंत) अशी केंद्रं देशभर आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही स्टॉल टाकतो, पण जानेवारीत गणपती नसतो!

पुढे

२२ तारखेला शनिवारी भाऊंचा फोटो आला: ट्रान्सक्रिप्टवर ८४६, तारीख २७ फेब्रुवारी. त्यांनी गुरुवारी सकाळपासून खातं बघितलं, काही नाही. शुक्रवारी घाबरून फोन. आयआरएसनं पैसे पाठवले होते, ते मधल्या बँकेत थांबले होते. सोमवारी ३ मार्चला खात्यात पडले, साडेआठ हजारांतून पावणेपाचशे कमी.

त्या दिवशी पैसे आले नसते तर? मग मात्र मी त्यांना स्वस्थ बसा म्हणाले नसते. मार्चचा पहिला आठवडा उलटला आणि ८४६ नाही, तर कारण पाथ कायदा नसतं, दुसरं काहीतरी असतं. सगळ्यात जास्त दिसतं ते ओळख पटवण्याचं पत्र. त्याला उत्तर देईपर्यंत रिटर्न पुढे सरकतच नाही, आणि दिल्यानंतरही नऊ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं की माणूस महिनोन्‌महिने रिफंडचं पान बघत बसतो. कधी राज्याची थकबाकी रिफंडमधून वळती होते. कधी आयआरएस क्रेडिटची रक्कमच बदलते आणि तसं कळवते. आणि एच-४ (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या) व्हिसावरच्या घरांत मी दरवर्षी पाहते ती चूक: पत्नीकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, करापुरता दिलेला आयटीआयएन आहे, तरी सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी टिचकी पडते आणि ईआयटीसी मागितलं जातं. नवरा, बायको, मूल, रिटर्नवर ज्यांच्या जोरावर हे क्रेडिट आहे त्या सगळ्यांकडे नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर हवा. नवरा-बायकोपैकी एकाकडे जरी आयटीआयएन असला की ते मिळत नाही. निष्काळजीपणे मागितलं असं ठरलं तर दोन वर्षांची बंदी, फसवणूक ठरली तर दहा.

न्यू जर्सीचं स्वतःचं ईआयटीसी वेगळं, केंद्राच्या क्रेडिटच्या ४० टक्के. भाऊंना त्याचे दोन हजारांच्या वर मिळायचे होते, पण ती राज्याची खिडकी, तिथला माग वेगळ्या पानावर.

दरमहा थोडेथोडे मिळाले तर बरं नाही का, असं वहिनींनी जाता जाता विचारलं. तशी सोय होती. ईआयटीसीचा काही भाग पगारासोबत आगाऊ घेता यायचा, ते २०१० नंतर बंद झालं. २०२१ मध्ये जुलै ते डिसेंबर मुलांचं क्रेडिट दरमहा खात्यात आलं, तेही त्या वर्षापुरतंच. आता सगळं एकदम, मार्चच्या तोंडावर.

२०२६ च्या जानेवारीत भाऊंचा मेसेज आला. हंगाम २६ तारखेला उघडणार होता. या वेळी ते वाचनालयात आले, वहिनींचं सोशल सिक्युरिटी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आणि बँकेचं पासबुक म्हणून एक कोरा चेक. रिटर्नवर त्यांचा स्वतःचा खाते नंबर घातला, वहिनींचं माहेरचं आडनाव कार्डावर होतं तसंच ठेवलं. निघताना त्यांनी नव्या कालनिर्णयचं पान दाखवलं. लाल गोल २ मार्चला होता आणि त्याच्याखाली वहिनींच्या अक्षरात लिहिलं होतं: ८४६.